मेलॅनोसाइट असलेलं स्किन मॉडेल लॅबमध्ये कसं उभं करायचं, आणि त्यातला रंग कसा वाचायचा

पिगमेंटेशनवर काम सुरू करायचं म्हटलं की आपल्याकडे पहिली पायरी ठरलेली असते, मश्रूम टायरोसिनेज (मेलॅनिन हा रंग बनवणारं एन्झाइम, मश्रूममधून काढलेलं) मागवायचं, त्यावर कुठल्यातरी वनस्पतीचा अर्क टाकायचा, मग बी-सिक्स्टीन म्हणजे उंदराच्या मेलॅनोमाच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांचा रंग उतरला की त्वचा उजळवणारा घटक सापडला असं लिहून टाकायचं. सुरुवात म्हणून हे ठीक आहे, स्वस्त आहे, पण माणसाच्या त्वचेबद्दल यातून फार कमी कळतं. मश्रूमचं एन्झाइम आणि माणसाचं एन्झाइम वेगळं वागतं. बायर्सडॉर्फ या जर्मन कंपनीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये छापलेल्या कामात ५०,००० संयुगं थेट मानवी टायरोसिनेजवर तपासली, त्यातून ते एन्झाइम रोखणारं थायामिडॉल निघालं, आणि ज्यांच्यावर सगळ्यांचा भरवसा होता ती हायड्रोक्विनोन, अर्ब्युटिन, कोजिक ॲसिड ही मंडळी मानवी एन्झाइमवर कमजोर निघाली. उंदराचं म्हणाल तर त्याच्या केसाळ कातडीत मेलॅनोसाइट, म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशी, मुख्यतः केसांच्या मुळांत असतात, आपल्यासारख्या वरच्या थराच्या तळाशी पसरलेल्या नसतात, त्यामुळे तिथलं उत्तर आपल्या गालावरच्या वांगाला लागू करताना दहा वेळा विचार करावा लागतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की मेलॅनोसाइट तिच्या शेजाऱ्यांसोबत बघा. एक मेलॅनोसाइट आपले लांब फाटे पसरून साधारण ३६ केराटिनोसाइटना, म्हणजे वरच्या थराच्या मुख्य पेशींना, मेलॅनिनच्या पुड्या, म्हणजे मेलॅनोसोम, पुरवते, ही जोडीने काम करण्याची कल्पना फिट्झपॅट्रिक आणि ब्रेथनॅक यांनी १९६३ मध्येच मांडली. उन्हात काळं पडायचं सिग्नलसुद्धा बऱ्याच अंशी केराटिनोसाइटमधून निघतं, यूव्हीने डीएनए दुखावला की तिथे पी-फिफ्टीथ्री हे प्रोटीन जागं होतं, त्यातून अल्फा-एमएसएच हे हार्मोन तयार होतं आणि ते मेलॅनोसाइटला जाऊन सांगतं की रंग बनव (डेव्हिड फिशर यांच्या गटाने हे २००७ मध्ये दाखवलं). डर्मिस या त्वचेच्या खालच्या थराचंही ऐकावं लागतं. तळहात-तळपाय बाकी अंगापेक्षा उजळ का, तर तिथले फायब्रोब्लास्ट, म्हणजे डर्मिसमधल्या कोलॅजन बनवणाऱ्या पेशी, डीकेके-वन नावाचं प्रोटीन सोडतात आणि ते मेलॅनोसाइटला दाबून ठेवतं, यामागुची आणि हिअरिंग यांचं २००४ चं काम. आता सांगा, डिशमध्ये एकटी मेलॅनोसाइट वाढवून यातलं काय दिसणार?

तर मॉडेल कुठलं घ्यायचं हे प्रश्नावर ठरवा. नुसतं बघायचं असेल की मेलॅनोसोम केराटिनोसाइटमध्ये जातात की नाही, तर दोन्ही पेशी एकाच डिशमध्ये वाढवलेली साधी को-कल्चर पुरते. क्रीममधला घटक वरून लावून रंग कमी-जास्त होतो का बघायचंय तर इन्सर्टच्या (प्लेटमध्ये लटकणाऱ्या, सच्छिद्र तळाच्या वाटीच्या) मेम्ब्रेनवर उभी केलेली एपिडर्मिस, म्हणजे त्वचेचा वरचा थर, हवी, जिला वर हवा आणि खाली मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, मिळतं. वांग, वयानुसार येणारे डाग, डर्मिसचा हात कुठे आहे असले प्रश्न असतील तर खाली फायब्रोब्लास्टवालं कोलॅजन जेल असलेलं फुल-थिकनेस मॉडेल करा. आणि मेलॅनोसाइट तळाला नीट चिकटतात का, सुटून वर सरकतात का, हा कोडाच्या अभ्यासातला प्रश्न असेल तर पेशी काढून टाकलेल्या खऱ्या डर्मिसवर बांधलेलं मॉडेल सगळ्यात चांगलं, कारण त्याच्यावर मूळची बेसमेंट मेम्ब्रेन, म्हणजे दोन थरांना जोडणारा पातळ पडदा, शिल्लक असते, कोलॅजन जेलवर ती पेशींना स्वतः बनवावी लागते आणि अर्धवटच बनते. मी खाली फुल-थिकनेसची पद्धत सांगतोय, कारण ती येत असली की बाकीच्या जमतात.

त्वचा कुठून आणायची? लहान मुलांच्या सुंतेतली कातडी किंवा पोटाच्या, स्तनांच्या प्लास्टिक सर्जरीत उरलेली. टाकून दिली जाणारीच असली तरी परवानगीशिवाय हात लावायचा नाही, एथिक्स कमिटीची मंजुरी आणि पेशंटची किंवा आईवडिलांची संमती हवीच, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्वच्छ लिहिलंय. संमतीपत्र मराठीत करा आणि ते मराठी वकिली नको, "तुमच्या मुलाच्या कातडीच्या तुकड्यातून आम्ही रंगाच्या पेशी वाढवणार, त्या काही वर्षं गोठवून ठेवणार, यात तुमचं नाव कुठेही येणार नाही" इतकं सरळ. एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सीची तपासणी झालेली असू दे, आणि झालेली असली तरी प्रत्येक तुकडा इन्फेक्शियस आहे असं धरूनच क्लास टू बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये काम करा. डोनरचं वय, शरीराचा भाग आणि त्वचेचा रंग त्याच दिवशी वहीत लिहा, नंतर कोणाला आठवत नाही आणि या तीन गोष्टींशिवाय डेटाला अर्थ नाही.

तुकडा अँटिबायोटिक घातलेल्या पीबीएसमध्ये (मिठाच्या बफरमध्ये) धुवा, खालची चरबी कात्रीने पूर्ण साफ करा (इथे आळस केला तर डिस्पेज आत पोचतच नाही), तीन-चार मिलिमीटर रुंद पट्ट्या कापा आणि डिस्पेज या थर सोडवणाऱ्या एन्झाइममध्ये ४ अंशांवर रात्रभर ठेवा. सकाळी दोन चिमट्यांनी पट्टी धरून ओढली की वरची एपिडर्मिस अख्खी पातळ पापुद्र्यासारखी सुटून येते. सावळ्या डोनरची असेल तर हा पापुद्रा तपकिरी आणि खालची डर्मिस पांढरी फटक दिसते, आपला सगळा रंग किती पातळ थरात असतो ते इथे डोळ्यांनी दिसतं. ओढताना तुटत असेल तर जबरदस्ती नको, अजून तास-दोन तास ठेवा. पापुद्रे ट्रिप्सिनमध्ये ३७ अंशांवर १०-१५ मिनिटं, मग ट्रिप्सिन थांबवून पिपेटने मोकळं करून गाळायचं. डर्मिसचे तुकडे कोलॅजनेजमध्ये टाकले की त्यातून फायब्रोब्लास्ट निघतात. म्हणजे एकाच तुकड्यातून तिन्ही प्रकारच्या पेशी.

मिळालेल्या सस्पेन्शनचे दोन भाग करा, एक केराटिनोसाइटच्या मीडियममध्ये आणि एक मेलॅनोसाइटच्या. केराटिनोसाइटला वाढताना कॅल्शियम अगदी कमी लागतं, ०.०६ मिलिमोलरच्या आसपास, जास्त झालं की त्या वाढायचं सोडून पिकायला लागतात. रेनवाल्ड आणि ग्रीन यांनी १९७५ मध्ये या पेशी वाढवल्या तेव्हा खाली थ्री-टी-थ्री या उंदराच्या पेशींचा थर घातला होता, आज तयार सीरम-फ्री मीडियम असल्याने तो लागत नाही. मेलॅनोसाइटची गोष्ट जरा नाजूक आहे. १९८२ मध्ये आयसिंगर आणि मार्को यांनी टीपीए (पेशींना वाढायला चेतवणारं एक रसायन) आणि कॉलरा टॉक्सिन घालून त्या पहिल्यांदा भरपूर वाढवून दाखवल्या, आणि टीपीए अजूनही बऱ्याच मीडियममध्ये असतं, पण टीपीए प्रोटीन कायनेज सी या एन्झाइमच्या कामात ढवळाढवळ करत राहतं आणि रंग बनण्याच्या वाटेत तेच एन्झाइम येतं. म्हणून मॉडेलसाठी लागणाऱ्या पेशी बेसिक एफजीएफ, स्टेम सेल फॅक्टर, एंडोथेलिन हे वाढीचे घटक असलेल्या टीपीए-विरहित मीडियममध्ये वाढवा, निदान मॉडेल लावायच्या काही दिवस आधी तरी टीपीए काढून टाका.

मेलॅनोसाइटच्या फ्लास्कमध्ये फायब्रोब्लास्ट घुसणं ही नेहमीची डोकेदुखी. दोन्ही लांबट दिसतात, पण नीट बघा, मेलॅनोसाइटचं अंग बारीक, चमकदार, दोन-तीन टोकदार फाटे, फायब्रोब्लास्ट पसरट आणि फिके. घुसलेच असतील तर जी-४१८ औषध १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर दोन-तीन दिवस द्यायचं, वेगाने विभागणारे फायब्रोब्लास्ट मरतात, मेलॅनोसाइट तगतात. केराटिनोसाइट मिसळल्या असतील तर ट्रिप्सिन थोडाच वेळ द्या, मेलॅनोसाइट आधी सुटतात, त्या उचलून घ्या. तिसऱ्या ते पाचव्या पॅसेजपर्यंतच्या (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेरीपर्यंतच्या) वापरा, त्यापुढे प्रौढ डोनरच्या मेलॅनोसाइट थकतात. पुरेशा झाल्या की लगेच गोठवा, एकाच डोनरच्या भरपूर नळ्या असणं हीच या कामातली खरी श्रीमंती.

डोनरबद्दल एक सांगायचं राहिलं. मेलॅनोसाइट एकाच्या आणि केराटिनोसाइट दुसऱ्याच्या असं करता येतं, बरेच जण करतात, पण ते मुद्दाम आणि लिहून ठेवून करा. माणसं गोरी-काळी असतात ती मेलॅनोसाइटच्या संख्येमुळे नाही, संख्या साधारण सारखीच असते, फरक मेलॅनोसोमच्या आकारात, संख्येत आणि मांडणीत असतो. सावळ्या त्वचेच्या केराटिनोसाइट मेलॅनोसोम सुटे सुटे ठेवतात, गोऱ्या त्वचेच्या त्यांचे पुंजके करतात, आणि को-कल्चरमध्ये ही मांडणी घेणाऱ्या केराटिनोसाइटवरच ठरलेली दिसली आहे. म्हणजे केराटिनोसाइटचा डोनर बदलला तर मेलॅनोसाइट तीच असूनही चित्र बदलतं. फायब्रोब्लास्टही चेहऱ्याचे, पोटाचे की तळपायाचे हे डीकेके-वनमुळे महत्त्वाचं.

आता जेल. उंदराच्या शेपटीतलं टाइप वन कोलॅजन, दहापट घट्ट डीएमईएम (एक नेहमीचं मीडियम) आणि सोडियम हायड्रॉक्साइड, सगळं बर्फात आणि पिपेटसुद्धा गार. सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब घाला, फिनॉल रेड या रंगसूचकामुळे पिवळं मिश्रण एका क्षणी फिकट गुलाबी होतं, तिथेच थांबायचं, गडद गुलाबी झालं की पीएच वर गेला. त्यात मिलिलिटरला एक लाखाच्या हिशोबाने फायब्रोब्लास्ट मिसळा, बुडबुडे न करता, आणि इन्सर्टमध्ये ओतून ३७ अंशांवर अर्धा ते एक तास हलवू नका. सेट झालं की घट्ट लागलेल्या दह्यासारखं धुरकट पांढरं दिसतं. मग वर-खाली मीडियम घालून पाच-सात दिवस ठेवा, फायब्रोब्लास्ट कोलॅजन ओढतात आणि जेल आकसतं. हे आकसणं आधीच होऊन जाऊ द्या. घाईने दुसऱ्याच दिवशी वर केराटिनोसाइट पेरल्या तर नंतर जेल कडेने भिंत सोडतं, त्या फटीतून मीडियम वर चढतं, वरचा भाग ओला राहतो आणि तिथे कॉर्नियम, म्हणजे सगळ्यात वरचा मेलेल्या पेशींचा थर, धड तयारच होत नाही. ज्या मॉडेलची कड सुटलेली दिसते ते प्रयोगातून बाजूला काढा, ते वापरून मिळालेला आकडा कितीही छान असला तरी.

पेरणी एकदम करा, केराटिनोसाइट आणि मेलॅनोसाइट आधी ट्यूबमध्ये एकत्र करून. प्रमाण पाच-दहा केराटिनोसाइटमागे एक मेलॅनोसाइट, खऱ्या त्वचेच्या तळाच्या थरात साधारण तसंच असतं. मेलॅनोसाइट जास्त घातल्या की मॉडेल लवकर काळं होतं आणि फोटोत मस्त दिसतं, पण मग त्या गठ्ठे करून बसतात, तळ सोडून वर चढतात आणि ती त्वचा राहत नाही. पेरायच्या आधी सस्पेन्शन मायक्रोस्कोपखाली बघा, पेशी सुट्या आहेत ना, गुठळ्या असतील तर गाळून घ्या. दोन-तीन दिवस बुडवून ठेवा, मग वरचं मीडियम काढून हवेवर उचला, कॅल्शियम १.२ मिलिमोलरच्या वर न्या. इथून पुढे रोज एक काम, इन्सर्टमध्ये वर थेंब दिसला की हलक्या हाताने ओढून घ्यायचा. निरोगी मॉडेलचा वरचा पृष्ठभाग कोरडा आणि निस्तेज असतो, चकचकीत दिसला तर कुठेतरी गळतंय.

मीडियममध्ये काय आहे हे बाटलीवर वाचा, रंगाच्या कामात याला फार महत्त्व आहे. व्हिटॅमिन सी कोलॅजन आणि वरच्या थरासाठी चांगलं म्हणून ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर घालायची पद्धत आहे, पण तेच व्हिटॅमिन सी मेलॅनिनच्या वाटेतल्या डोपाक्विनोनला परत मागच्या पायरीकडे, डोपाकडे, वळवतं, म्हणजे मेलॅनिन कमी बनतं. घालायचं असेल तर सगळ्या मॉडेलना सारखं घाला आणि रिपोर्टमध्ये लिहा. टायरोसिन हा तर मेलॅनिनचा कच्चा मालच. डीएमईएममध्ये तो आरपीएमआय या दुसऱ्या मीडियमपेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे त्याच पेशी मीडियम बदललं की गडद होतात, आणि मग दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत म्हणून वाद घालण्यात अर्थ नसतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडच्या लॅबना बुरशीचं वेगळं सांगायला नको, महिनाभराचं मॉडेल बुरशीने जाणं म्हणजे डोनरचा तुकडाही वाया जाणं, इन्क्युबेटरचं पाण्याचं भांडं तेवढं वेळच्या वेळी बदला.

हवेवर उचलल्यापासून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सावळ्या डोनरच्या मॉडेलचा रंग नुसत्या डोळ्यांना दिसायला लागतो. इथून खरं काम, मोजणं. प्रत्येक मॉडेलचे दोन तुकडे करा, एक मेलॅनिन काढायला, एक सेक्शनला, म्हणजे मायक्रोस्कोपसाठी पातळ काप करायला. मेलॅनिनच्या तुकड्याची एपिडर्मिस जेलवरून सोलून घ्या, जेलसकट विरघळवलं तर गढूळपणा रीडिंगमध्ये येतो. एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, १० टक्के डीएमएसओ (सॉल्व्हंट), ८० अंश, तासभर, मग सेंट्रिफ्यूज करून ४०५ नॅनोमीटरला वाचा आणि सिंथेटिक मेलॅनिनच्या स्टँडर्ड कर्व्हवर बसवा. आकडा प्रोटीनने किंवा डीएनएने भागा. काळं-तपकिरी युमेलॅनिन किती आणि पिवळं-तांबूस फिओमेलॅनिन किती हे मात्र असं कळत नाही, त्याला हायड्रोजन पेरॉक्साइडने ऑक्सिडेशन करून एचपीएलसी (रेणू वेगळे करून मोजण्याची पद्धत) लागतं, इतो आणि वाकामात्सु यांची पद्धत.

सेक्शनवर फाँटाना-मॅसन हे मेलॅनिनचं स्टेनिंग केलं की मेलॅनिन काळं दिसतं, खऱ्या त्वचेत ते तळच्या पेशींच्या केंद्रकावर टोपीसारखं बसलेलं असतं, तसं दिसतंय का बघा. पेशी मोजायला मेलॅनोसाइटमधल्या मेलॅन-ए किंवा टीवायआरपी-वन या प्रोटीनची अँटिबॉडी. ती दिसावी म्हणून तपकिरी रंग देणारं डॅब वापरू नका, मेलॅनिनही तपकिरी आणि डागही तपकिरी, काय मोजणार? लाल रंग देणारं एईसी घ्या. फ्लुओरेसन्समध्येही दाट मेलॅनिन सिग्नल झाकतं हे लक्षात असू द्या. आणि पेशी जिवंत आहेत का बघायला एमटीटीवर (जिवंत पेशींना जांभळं करणाऱ्या चाचणीवर) एकट्यावर विसंबू नका, मेलॅनिन स्वतःच प्रकाश शोषतं, शिवाय बरेच वनस्पतींचे अर्क पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात. एलडीएच किंवा एटीपीची चाचणी सोबत करा.

कंट्रोलमध्ये नुसतं सॉल्व्हंट, रंग कमी करायला कोजिक ॲसिड (मानवी एन्झाइमवर कमजोर असलं तरी तुलनेसाठी नेहमीचं), वाढवायला फोर्स्कोलिन किंवा अल्फा-एमएसएच. शिवाय मेलॅनोसाइट न घातलेलं एक मॉडेल, कारण अर्क स्वतः पिवळा-तपकिरी असेल तर तो रंग तिथे उघडा पडतो. यूव्हीबी द्यायची असेल तर मीडियम काढून, पीबीएसने धुऊन आणि प्लेटचं झाकण काढून द्या, पॉलिस्टायरिनचं झाकण यूव्हीबी अडवतं, आणि डोस दिव्याखाली मीटर ठेवून मोजा, मिनिटांवर जाऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला प्रत्येक नवीन विद्यार्थ्याला आधी सांगावंसं वाटतं. रंग कमी झाला म्हणजे दोन गोष्टी असू शकतात, मेलॅनोसाइट जिवंत आहे पण कमी रंग बनवतेय, किंवा मेलॅनोसाइट मेलीय. मेलॅनिनच्या आकड्यात या दोन्ही हुबेहूब सारख्या दिसतात. जपानमध्ये रोडोडेंड्रॉल टायरोसिनेज रोखतं म्हणून उजळपणाच्या क्रीममध्ये घातलं, आणि जुलै २०१३ मध्ये कानेबो कंपनीला ती उत्पादनं परत मागवावी लागली, कारण हजारो बायकांच्या चेहऱ्यावर, हातांवर, गळ्यावर पांढरे डाग पडले होते. टायरोसिनेजच त्या रेणूचं विषारी क्विनोन बनवत होतं, म्हणजे ज्या पेशीत रंग बनायचा तीच जळत होती. हे दूरच्या देशातलं वाटत असेल तर कपाळावरची टिकली आठवा. टिकलीच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉलमुळे नेमक्या टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो, आपल्या त्वचारोगतज्ज्ञांना हे दशकानुदशकं माहीत आहे, आणि त्या बाईला घरचे-दारचे कोड झालं म्हणून काय काय ऐकवतात हेही आपल्याला माहीत आहे. हाही फिनॉलच, टायरोसिनसारखा दिसणारा. म्हणून फिनॉल किंवा कॅटेकॉल गट असलेलं काहीही तपासत असाल तर मेलॅनोसाइट मोजल्याशिवाय निकाल सांगूच नका.

कसं तपासायचं? निम्मी मॉडेल उपचार संपल्यावर लगेच काढा, निम्म्यांतून घटक धुऊन काढा आणि साध्या मीडियममध्ये आणखी आठवडा-दीड आठवडा ठेवा. रंग परत यायला लागला आणि मेलॅन-ए दिसणाऱ्या पेशी कंट्रोलइतक्याच आहेत तर फक्त काम थांबलं होतं. रंग परत आला नाही आणि पेशीही कमी, तर तुमच्या हातात उजळवणारा घटक नाही, डाग पाडणारा घटक आहे, आणि तो तिथेच थांबवा. सावळ्या डोनरवर हे करणं टाळू नका, टायरोसिनेज जास्त चालतं तिथेच असं विष जास्त बनण्याचा धोका असतो, आणि ही क्रीमं शेवटी आपल्याच लोकांच्या चेहऱ्यावर जाणार आहेत. भारतात २०१४ पासून कॉस्मेटिकची प्राण्यांवर चाचणी बंद आहे, त्यामुळे माणसांवर जाण्याआधीची गाळणी बरीचशी हीच मॉडेलं आहेत.

ज्यांच्याकडे स्किन मिळायची सोय नाही त्यांनी अडून बसू नका. सेल लाइन पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या) रिपॉझिटरीतून मागवता येतात, प्राथमिक मानवी मेलॅनोसाइट आणि केराटिनोसाइट गोठवलेल्या विकत मिळतात, आणि तयार पिगमेंटेड मॉडेलही मिळतं, मॅटटेकचं मेलॅनोडर्म त्यातलंच. तयार मॉडेल महाग असतं आणि जिवंत माल असल्याने आल्या दिवशीच कामाला लागावं लागतं, तेव्हा मीडियम, माणूस, इन्क्युबेटरमधली जागा हे सगळं आधी तयार ठेवूनच ऑर्डर द्या आणि लांब सुट्टीच्या तोंडावर तर अजिबात देऊ नका, पार्सल कस्टम्समध्ये पडून राहिलं की संपलं.

या मॉडेलला काय विचारू नये तेही सांगतो. यात रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत, टी-सेल, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेच्या पेशी, नाहीत. कोड हा मुख्यतः रोगप्रतिकार यंत्रणेचा आजार, त्यामुळे मीडियममध्ये इंटरफेरॉन गॅमा (टी-सेल सोडतात तो संदेश देणारा रेणू) घालून मेलॅनोसाइट काय करते, तळ सोडते का, एवढा भाग बघता येतो, अख्खा आजार नाही. केसांची मुळंही नाहीत, आणि कोडाच्या डागात रंग परत येतो तो बऱ्याचदा मुळांभोवतीच्या ठिपक्यांपासून, कारण मेलॅनोसाइटच्या स्टेम सेल तिथे असतात, तो प्रश्न ऑपरेशनमधून आलेल्या अख्ख्या त्वचेच्या तुकड्यावर विचारा, तो कल्चरमध्ये आठवडाभर तरी टिकतो. आणि वरचा अडथळा खऱ्या त्वचेपेक्षा कच्चा असल्याने घटक जास्त आत शिरतात, तेव्हा इथे चाललेली मात्रा क्रीममध्ये तशीच्या तशी चालेल असं धरू नका, आत किती शिरतं ते खऱ्या त्वचेवर फ्रान्झ सेलमध्ये (त्वचेतून घटक किती जातो ते मोजायच्या उपकरणात) वेगळं मोजून घ्या.